एका रंगमंदिराचे तीन पडदे

नाटकाला पडदा असतो आणि चित्रपटालाही पडदाच असतो. पहिला वर जातो तेव्हा खेळास प्रारंभ होतो. दुसरा जागचा हलत नाही, त्याच्यावरच खेळ उमटतो. एकाचे काम झाकण्याचे, दुसऱ्याचे दाखविण्याचे. इतका विरोध असूनही मराठी माणसाने दोहोंना एकाच नावाने हाक मारली. तेच नाव आणखी एका, तिसऱ्या पडद्यालाही आहे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ ज्याच्यावर रंगविलेला असतो आणि ज्याच्यापुढे उभे राहून नट गातो, तो देखाव्याचा पडदा. ह्या तिन्ही पडद्यांची गाठ महाराष्ट्रात ज्या शहरी पडली ते शहर कोल्हापूर, आणि त्या शहरातील ज्या वास्तूभोवती तो सारा इतिहास गुंफला गेला ती वास्तू म्हणजे १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर. पुढे ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. एखादे घर जळाल्यावरच त्याच्या भिंतींत काय काय घडले होते ह्याची चौकशी सुरू होते, हा अनुभव काही नवा नाही.

नाटक आणि सिनेमा ह्यांचे वैर सांगण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. सिनेमा आला आणि नाटक मेले, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची कोणास गरजच वाटत नाही. वस्तुस्थिती अशी की, सिनेमा ह्या देशात आला तो नाटकाच्या घरी पाहुणा म्हणून आला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. ती जागा अपुरी पडली, आणि आठवड्याच्या आत ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलविण्यात आले. हे नॉव्हेल्टी म्हणजे नाटकांचे थिएटर. चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले, तेही नाटकाच्या धर्तीवर. पुढे १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे ह्यांचा 'पुंडलिक' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. तो तर एका मराठी नाटक मंडळीच्या प्रयोगाचेच छायाचित्रण होता. म्हणजे कॅमेऱ्याने पहिल्याने जे टिपले ते रंगभूमीवर आधीच उभे होते.

वर्षभराने, ३ मे १९१३ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यातील तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. ते उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करीत होते, आणि स्त्रिया मिळेनात म्हणून फाळक्यांनी त्यांस उभे केले. नाटकात स्त्रीपार्टी नट पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांस त्यात काही खटकले नाही. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या दिवशी 'हरिश्चंद्र' एकटा नव्हता. त्याच तिकिटात आयरीन डेल मार नावाच्या बाईंचा नाच होता, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. निव्वळ चित्रे पाहण्यास लोक पैसे देतील असा भरवसा चालकांस नव्हता. जिवंत माणसे पडद्यापुढे नाचली-बागडली म्हणजे खेळ पुरता होतो, असा त्या काळचा हिशेब होता.

मुंबईत हे चालले होते तेव्हा लहान गावांची स्थिती काय होती? विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते राजवाड्यात. त्यानंतरची कित्येक दशके नाटक मंडळ्या हिंडत्या राहिल्या. ट्रंका, पडदे, समया, भांडीकुंडी, आचारी, गवई, तबलजी, पोरेबाळे असा सारा संसार आगगाडीतून उतरे आणि बैलगाड्यांवर लादला जाई. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बांबू, तट्टे आणि पत्रे ह्यांचे नाटकगृह उभारले जाई. मुक्काम हलला की तेही मोडले जाई. वऱ्हाडात कापसाचा पैसा लोकांच्या हाती खेळू लागला की मंडळ्यांचा मोहरा तिकडे वळे. पक्के नाट्यगृह असणे ही गावाच्या प्रतिष्ठेची खूण होती, आणि जेथे ते असे तेथे त्याचा उपयोग केवळ करमणुकीपुरता राहत नसे. अमरावतीचे इंद्रभुवन थिएटर हे त्याचे उत्तम उदाहरण. १३ व १४ नोव्हेंबर १९२७ रोजी, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील परिषद भरली ती ह्याच थिएटरात. देवळाचे दार ज्यांना बंद होते त्यांना सभेसाठी छप्पर मिळाले ते नाटकगृहाचे.

कोल्हापूरही तेव्हा काही मोठे शहर नव्हते. १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. एका मध्यम संस्थानाची राजधानी, अंबाबाईचे क्षेत्र, गुळाची पेठ आणि पैलवानांचे गाव एवढीच त्याची बाहेर ख्याती. १९०२ साली शाहू छत्रपती सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. बादशहाच्या आजारामुळे तो समारंभ लांबणीवर पडला, आणि महाराजांस युरोप पाहण्यास सवड मिळाली. ह्याच प्रवासातून त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम काढला, हे सर्वश्रुत आहे. त्याच प्रवासात रोम येथील कलोसियमचे प्राचीन आखाडे त्यांनी पाहिले. त्या वर्तुळाकार दगडी पायऱ्या त्यांच्या मनात राहिल्या, आणि परतल्यावर काही वर्षांनी खासबागेत कुस्तीचे मैदान उभे राहू लागले. मध्यभागी हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कोठेही बसले तरी पैलवानाचा पेच दिसावा अशी रचना. १९१२ च्या सुमारास ते मैदान पुरे झाले. त्याच्याच पाठीला पाठ लावून नाट्यगृहाचे काम हाती घेण्यात आले, आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये ते लोकांस खुले झाले.

आखाडा आणि नाट्यगृह ह्यांना असे शेजारी बसविणारा दुसरा राजा सापडणे कठीण आहे. विद्वानांस ही जोडी कदाचित विजोड वाटेल. पण शाहू महाराजांच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडत होती. मेहनतीने कमावलेले अंग आणि मेहनतीने कमावलेला गळा लोकांपुढे उभा राहत होता, आणि त्याची पारख करण्याचा अधिकार शेवटल्या पायरीवरच्या माणसासही होता. नावात मात्र थोडी गंमत झाली. मराठी रंगभूमीसाठी मराठी राजाने घर बांधले आणि त्याचे बारसे इंग्रजीत केले. 'पॅलेस थिएटर' हे नाव कोल्हापूरच्या जिभेवर असे काही रुळले की सरकारी नाव पालटल्यानंतरही जुनी मंडळी कित्येक वर्षे तेच वापरीत राहिली.

ह्या वास्तूची खरी किंमत तिच्या बांधणीत होती. प्रेक्षागृहाच्या मध्ये एकही खांब नव्हता. त्या काळच्या नाटकगृहांत खांबाआड बसण्याचा प्रसंग आला म्हणजे अर्धे नाटक कानांनीच पाहावे लागे. येथे ती अडचण नव्हती. दगडी भिंती, लाकडी रंगपीठ आणि त्या रंगपीठाखाली खोल मोकळी पोकळी. तंबोऱ्याला भोपळा नसेल तर तार कितीही सुरात लावली तरी तिला गोलाई येत नाही. रंगपीठाखालची पोकळी हा ह्या घराचा भोपळा होता. ध्वनिवर्धक नावाचे यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीचे हे घर. त्याचा सारा विचार माणसाच्या उघड्या आवाजाभोवती केलेला होता. नटाने पुटपुटलेले स्वगत मागल्या रांगेत पोहोचले पाहिजे, आणि गायकाने सोडलेली तान भिंतीवर आपटून फुटता कामा नये, ह्या दोन कसोट्या. त्यांस उतरणारी नाट्यगृहे पुढल्या शंभर वर्षांत, अधिक पैसा आणि अधिक यंत्रे हाताशी असतानाही, फारशी बांधली गेली नाहीत, ही गोष्ट बांधणाऱ्यांनी मनास लावून घेण्यासारखी आहे.

अशा घरास साजेसा आवाजही त्याच गावात जन्मला होता. केशवराव भोसले ह्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरी दारिद्र्य, पित्याचे छत्र लहानपणीच हरपलेले, शाळेचा गंध नाही. अगदी बालवयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत शिरले आणि पुढे 'शारदे'तील शारदेच्या भूमिकेने त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच, १ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. रामकृष्णबुवा वझे ह्यांच्यासारख्या गवयाकडून त्यांनी आपला गळा घासून घेतला. अक्षरओळख नसलेल्या ह्या तरुणाची व्यावसायिक दृष्टी मात्र विलक्षण होती. मंडळीचा पडदा मखमलीचा असावा, देखावे खरे वाटावेत, पोषाख पात्राला शोभावा, ह्यासाठी तो पैशाकडे पाहत नसे. खासबागेच्या उघड्या मैदानावर त्यांनी 'मृच्छकटिका'चा प्रयोग केला. पैलवानांच्या हौद्याभोवती बसून शूद्रकाचे नाटक ऐकणारा तो समुदाय डोळ्यांपुढे आणला म्हणजे आखाडा व नाट्यगृह एका आवारात का बांधले, ह्याचा निराळा खुलासा करावा लागत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एका रात्रीत १६ हजार ८०० रुपये जमले. प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन मालकांनी एका रंगपीठावर यावे आणि कोण जिंकले ह्याचा वाद प्रेक्षकांनी पिढ्यान् पिढ्या घालावा, असे भाग्य फार थोड्या प्रयोगांस लाभते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने पुण्यास वारले. वय अवघे ३१. पुढल्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. नाट्यगृहास सात वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच त्याचा धनी आणि त्याचा गळा असे दोन्ही नाहीसे झाले.

आता तिसऱ्या पडद्याकडे वळावयास हवे, कारण पुढच्या घडामोडींचे मूळ त्यात आहे. ललितकलादर्श आणि त्या वेळच्या इतर मोठ्या मंडळ्या देखाव्याचे पडदे रंगविण्याचे काम कोल्हापूरच्या दोन भावांकडे देत. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे ते चुलतभाऊ. सुतारकाम, मूर्तिकाम, रंगकाम हा घरचा वारसा. त्यांनी रंगविलेल्या पडद्यांवरील महालांच्या ओळी खोल खोल जात, आणि प्रेक्षकास नटाच्या पाठीमागे खरोखरच दालनांमागून दालने असल्याचा भास होई. लोकांनी त्यांचे आडनाव बाजूस सारून त्यांस 'पेंटर' म्हणण्यास प्रारंभ केला. फाळक्यांचा 'हरिश्चंद्र' पाहिल्यावर ह्या दोघांस जी तळमळ लागली ती कारागिराची तळमळ होती. आपला पडदा इतका हुबेहूब असूनही त्यावरील झाडाचे पान हलत नाही, आणि ह्या कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर मात्र सारे हलते! त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रे दाखविण्याचे एक जुने यंत्र आणले, त्यावर चित्रपट दाखविले आणि दाखविता दाखविता त्याची कळ समजून घेतली. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले ह्यांस हाताशी धरून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा घडविला. परदेशी यंत्र विकत घेण्यास पैसा नव्हता, हे त्याचे एक कारण. पण हातात छिन्नी-पटाशी धरलेल्या माणसास वस्तू विकत घेण्यापेक्षा करून पाहणे अधिक सोपे वाटते, हेही तितकेच खरे असावे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी कंपनीस द्रव्यसाहाय्य केले होते. म्हणजे मराठी चित्रपटाच्या पायाभरणीत एका गाणाऱ्या स्त्रीच्या मिळकतीचा वाटा आहे, ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहिली गेली पाहिजे. ह्या चित्रपटात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. कीचकवधाचे दृश्य इतके भेसूर उतरले की परिनिरीक्षकांनी त्यास कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. परंतु कलेच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आयुष्यभर सपाट कापडावर खोली रंगविणाऱ्या ह्या माणसाने चित्रपटात आल्यावर रंगीत कापड टाकून दिले आणि खरी, भरीव, फिरता येण्याजोगी दालने उभारली. पडदा रंगविता येणाऱ्यासच पडद्याची मर्यादा नेमकी ठाऊक असते. नाटकातही तोच विचार पोहोचला. केशवरावांच्या पश्चात ललितकलादर्श सांभाळणारे बापूराव पेंढारकर ह्यांनी १९२२ साली मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले तेव्हा चित्रकार पु. श्री. काळे ह्यांनी त्यासाठी तीन भिंतींची खरीखुरी खोली उभी केली होती.

पॅलेस थिएटरातही चित्रपटांचे खेळ होऊ लागले. नाटकगृहात सिनेमा दाखवावयाचा म्हणजे काय काय करावे लागे ह्याची आजच्या प्रेक्षकास कल्पना येणे कठीण. रंगपीठाच्या चौकटीत पांढरे कापड ताणावयाचे, प्रेक्षकांच्या पाठीमागे यंत्राची खोली करावयाची, त्या खोलीत कार्बनच्या दोन कांड्यांत ठिणगी पेटवून प्रकाश पाडावयाचा. फिल्म नायट्रेटची, म्हणजे दारूगोळ्याचीच बहीण. अडकली की भडकलीच. ब्रिटिश हद्दीत १९१८ साली सिनेमॅटोग्राफचा कायदा झाला त्यात चित्रे तपासण्याइतकेच महत्त्व आगीपासून बचाव करण्याच्या अटींना होते, ते ह्याचमुळे. मूकपटाबरोबर पेटी-तबला वाजे. म्हणजे नाटकातला पेटीवाला सिनेमातही आपल्या जागीच राही. फक्त समोर गाणारे माणूस नसे. उघड्या आवाजासाठी बांधलेल्या घरात मुक्या चित्रांनी मुक्काम करावा हा नियतीचा विनोद म्हणावयाचा, दुसरे काय.

पुढे चित्रे बोलू लागली. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ह्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ह्यांपैकी दामले-फत्तेलाल हे बाबूरावांच्या पडद्यावर रंग भरून तयार झालेले, आणि शांताराम हे लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केलेले. १९३२ साली त्यांनी 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. ज्यांनी १९११ साली 'मानापमाना'ला चाली दिल्या तेच आता बोलपटाचे संगीत देत होते आणि त्यात राजाची भूमिकाही करीत होते. तारामती झाल्या दुर्गा खोटे. साळुंक्यांच्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी सुशिक्षित घरातील एक स्त्री त्याच भूमिकेत उभी राहिली. माणसे नाटकातली, गाणी नाटकाच्या वळणाची, गोष्ट जुनीच. पालटले होते ते पडद्याचे कापड. त्यानंतर वर्षभराने प्रभातने आपला मुक्काम पुण्यास हलविला. कोल्हापुरात पुढे कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन अशा संस्था निघाल्या आणि चित्रपटाचा धंदा गावाच्या अंगवळणी पडला.

नाटकाची मात्र पडझड सुरू झाली, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. शंभर माणसांचे बिऱ्हाड पोसणारी मंडळी चार डब्यांत मावणाऱ्या खेळाशी दरात टक्कर देऊ शकत नाही. चित्रपटाचा नट एकदा गातो आणि शंभर गावी ऐकू येतो. नाटकाच्या नटास शंभर वेळा गावे लागते. बापूराव पेंढारकरांनी चित्रपटनिर्मितीतही हात घातला आणि त्यात तो पोळला. १९३७ साली ते वारले, आणि ललितकलादर्श बंद पडली. पुत्र भालचंद्र ह्यांनी ती १९४२ साली पुन्हा उभी केली. बालगंधर्वांची कहाणी त्याहून बोलकी आहे. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्म्या'त एकनाथ झाले. पण यंत्रापुढे गाणे त्यांस मानवेना. 'वन्स मोअर' देणारे कोणी समोर नव्हते. एका चित्रपटानंतर ते रंगभूमीकडे परतले. त्यानंतर १९३७ साली 'साध्वी मीराबाई' आला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर आणि मीराबाई स्वतः बालगंधर्व. ह्या चित्रपटाला यश आले नाही. ज्या देखाव्याच्या पडद्याच्या सपाटपणातून बाबूराव वीस वर्षांपूर्वी निसटले होते, त्या नाटकाच्या चौकटीतच कॅमेरा पुन्हा येऊन उभा राहिला. रंगभूमीवर ज्या स्त्रीरूपाने महाराष्ट्र मोहून गेला होता ते भिंगाच्या जवळिकीत टिकले नाही. पण एका कोल्हापूरकर पडदे-रंगाऱ्याने मराठी रंगभूमीच्या त्या सर्वांत मोठ्या गायकास पांढऱ्या पडद्यावर जपून ठेवण्याचा यत्न केला होता, एवढे त्या अपयशाचे मोल आहेच.

देशभर ह्याच काळात नाटकगृहांची सिनेमागृहे झाली. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उघडले गेले ते गाण्या-नाटकासाठी. तेही पुढे सिनेमाच्या ताब्यात गेले, १९९३ साली बंद पडले आणि दुरुस्त होऊन उघडण्यास २०१६ साल उजाडले. पॅलेस थिएटरचे दैव त्या मानाने बरे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय संपल्यावर दरबारी वास्तूंचे काय होते हे महाराष्ट्रातील पडक्या वाड्यांवरून दिसतेच. ह्या घराची जबाबदारी नगरपालिकेने उचलली, आणि १९५७ साली त्यास केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. राजाने बांधलेल्या घरावर राजाचे नाव न घालता निरक्षर जन्मलेल्या एका नटाचे नाव घालणे हे शाहू महाराजांस आवडले असते, असे मानण्यास हरकत नाही. त्यानंतर तेथे व्यावसायिक नाटके, राज्य नाट्यस्पर्धा, गाण्याच्या मैफली, शाळांची संमेलने आणि सभा ह्यांची वर्दळ राहिली. दुरुस्त्या झाल्या, खुर्च्या पालटल्या, ध्वनिवर्धक आले. ध्वनिवर्धक बंद पडला म्हणून प्रयोग थांबला असे ह्या घरात घडण्याचे कारण नव्हते.

आणि मग ती रात्र आली. ८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि तिच्या कार्यक्रमाची तयारी झालेली. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास खासबागेच्या बाजूस ज्वाळा दिसू लागल्या. लाकडी रंगपीठ, पडदे, खुर्च्या आणि छप्पर पाहता पाहता पेटले. नायट्रेटच्या फिती आणि कार्बनच्या ठिणग्या ज्या घराने पचविल्या ते घर त्या सर्व वस्तू काळाआड गेल्यानंतर जळाले. अग्निशामक दलाने आग आटोक्यात आणली तेव्हा दगडी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या मध्ये आकाश होते. सकाळी गावातील नट, गायक, पडद्यामागील कामगार आणि केवळ प्रेक्षक म्हणून त्या घरात वाढलेली माणसे तेथे जमली. कित्येकांस अश्रू आवरले नाहीत.

राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि नाट्यगृह होते तसेच उभारावे असा आग्रह कोल्हापूरकरांनी धरला. 'होते तसे' ह्या दोन शब्दांचा अर्थ मात्र सोपा नाही. दगडी दर्शनी भाग, कमानी, छपराचा उतार ह्यांची छायाचित्रे उपलब्ध असतात. ती पाहून कोणताही चांगला गवंडी ते पुन्हा घडवील. पण छायाचित्रात आवाज उमटत नाही. रंगपीठाच्या फळ्या कोणत्या लाकडाच्या आणि किती जाडीच्या असाव्यात, त्यांच्याखालची पोकळी किती खोल राखावी, भिंतीवर गिलावा कसला चढवावा, ह्या गोष्टी ठरतात त्या कानाने. त्यांची परीक्षा करण्याची रीत जुनी आहे. ध्वनिवर्धक बंद ठेवावयाचा, एका गायकास रंगपीठाच्या मध्यावर उभे करावयाचे, आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकावयाचे.